माय पाहून घ्या

उमेरा, तू तो मोबाइल ठेव बाजूले, नाहीतर मी सांगतच नाही. अन् गंगी, तू मधात हसशील त बाहीर जाशील. आमच्या मैत्रेयीले पाव्हणे पाहाले आलते ना, त्या दिवशी काय झालं ते मले पहिल्यापासून सांगू द्या. मधातूनच सांगतलं त तुमाले मजा बी नाही येणार अन् राग बी नाही येणार, अन् दोन्ही याले पाह्यजे.

पहिले त माह्या मायचं तोंड ध्यानात घ्या. तुमी तिले पाह्यलं नाही. माय चाळिशीची नाही झाली अजून, पण एसटीत पोट्टे तिले आजी म्हणून जागा देते. वरचा पुढचा दात नाही. तो मैत्रेयीच्या वेळेस हलाले लागला अन् माह्या वेळेस पडला. माथ्यावरचे केस भावाच्या बाळंतपणात गेले ते आलेच नाही. दोन्ही गालावर वांग हाय, भाकर करपली का तिच्यावर डाग पडते ना, तसा. अन् पोट चौथ्या खेपेपासून तसंच हाय. ते बाळ राह्यलं नाही, पोट राह्यलं. मी हे असं भडाभडा सांगून राह्यली, कारण आमच्या घरात हे कोणी बोललंच नव्हतं कधी. मोठे बाबा येईपर्यंत.

मोठे बाबा म्हंजे बाबाचे मोठे भाऊ. यवतमाळले कचेरीत शिपाई हाय. यंदा कापूस फुटला तो सगळ्याच वावरात एका टायमाले फुटला, येचाले बाई मिळून नाही राह्यली, अन् वरून आभाळ. दिवाळी झाली तरी आभाळ. रोज मोबाइलवर अवकाळीचं सांगे. फुटलेल्या बोंडावर पाणी पडलं का कापूस पिवळा पडते, मंग त्याले कोणी हात नाही लावत. त्या धावपळीत मोठे बाबा अन् त्यायची बायको, आमची मोठी माय, गावाले आले अन् म्हणे, मैत्रेयीले पाव्हणे येऊन राह्यले, घाटंजीचे, पोराचं नाव संघदीप, कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर हाय, दारू नाही, तंबाखू नाही. फोटो त्यायनं आधीच पाठवलता. मैत्रेयीनं त्यायच्या मोबाइलवर तो फोटो पाह्यला त त्यात ती, बाबा अन् मोठी माय. तो फोटो विहारापुढं काढलता, मले आठवते, माय मैत्रेयीच्या उजव्या अंगानं उभी होती. फोटोत मैत्रेयीच्या खांद्यावर फक्त चार बोटं दिसे. कापताना तेवढी राह्यून गेली.

मैत्रेयीनं इचारलं, माय कुठं हाय यात. मोठे बाबा म्हणे, फोटो बसत नव्हता पूर्ण.

मंग जेवताना त्यायनं सांगतलं. पोराची माय लय कडक हाय. पोट्टीच्या आधी पोट्टीची माय पाह्यते. दोन ठिकाणी पोट्टी पसंत पडली अन् मायले पाहून नाही म्हणाली. तिचं म्हणणं, दोन लेकरं झाली का बाई कशी उतरते ते तिच्या मायच्या तोंडावर लिहून राह्यते. हे सांगून त्यायनं भाजीचा रस्सा वाढून घेतला, अन् मायकडं न पाहता म्हणे, "तुळसा, कापूस त येचाच लागन ना. त्या दिवशी तू वावरात जाय. पाव्हण्यापुढं मोठी बसन."

माय चुलीपुढं होती. तव्यावरची भाकर तिनं उलटवली. म्हणे, "एक दिवस कापूस थांबला त चालत नाही का, भाऊजी?"

"आभाळ पाहून राह्यली ना तू?"

बाबा ताटात पाहून राह्यलते. माह्या बाबाचं नाव बळीराम हाय, पण मोठ्या भावापुढं त्यायचा आवाज निघत नाही. मैत्रेयी मात्र ताटावरून उठली. माय नसन त मी बी नाही बसत, म्हणे. त मायनंच तिले दाबलं. बस म्हणे, खाय, पोरगा चांगला हाय म्हणते ना, आपल्याले पोराशी मतलब.

मोठी माय भाकर मोडत राह्यली. आता हे बी ऐका. मोठी माय माह्या मायहून मोठी हाय, पण तिचे केस असे घट्ट, दात मोत्यासारखे, कंबर आमच्यासारखी. तिले लेकरू नाही झालं. लोक तिले बी सोडत नाही. लग्नाकार्यात बाया म्हणे, तिचं काय बाई, वापरलंच नाही त नवंच राहीन. हे मी माह्या कानानं ऐकलं हाय. एकीले झालं म्हणून, एकीले नाही झालं म्हणून. बोलणाऱ्याले काय, त्याले तोंड हाय.

दुसऱ्या दिवशी दुपारून मोठी माय कलपाची पुडी घेऊन आली. मायले म्हणे, बस, लावून देते, रंगले त रंगले, मंग आपण त्यायले म्हणू, दोघी बसतो. मायनं नाही म्हटलं नाही. आंगणात पाट घेऊन बसली, अन् मोठी माय दात घासाच्या जुन्या ब्रशनं तिच्या माथ्यावर काळं लावत राह्यली. केस एवढे पातळ का कलप केसाले कमी अन् कातडीले जास्त लागला. धुतलं त केस भुरे अन् टाळू काळी, कपाळावर काळा ओघळ. मी आरसा दिला. मायनं पाह्यलं अन् तिले असं हसू आलं, असं हसू आलं का पाटावरून पडली असती. म्हणे, "बुजगावण्यावर कावळा बसला व माय." मोठी माय बी हसली, अन् हसता हसता तिच्या डोळ्याले पाणी आलं. तो डाग निघेना. माय राखुंडीनं घासून घासून थकली. शेवटी कपाळ लाल झालं, डाग तसाच.

मंग मोठी माय हळूच म्हणे, तुळसा, एक घंटा. एक घंटा मले माय म्हणून बसू दे, मंग मी चालली यवतमाळले.

माय तिच्याकडं पाहत राह्यली. म्हणे, बस बाई.

पाव्हण्याच्या दिवशी मी बी मायसंग वावरात. मले कायले पाठवलं, सांगा बरं? मी लहान हाय म्हणून. लहान बहीण समोर दिसली अन् पाव्हण्यानं तिच्यावरच बोट ठेवलं त? आमच्याकडं पाह्यण्याच्या दिवशी लहानीले घरात ठेवत नाही. म्हंजे पाह्यजा, एका घरातून दोघी बाहीर काढल्या. एक जास्त बरी दिसते म्हणून, एक कमी बरी दिसते म्हणून. मी हे मायले सांगतलं त ती म्हणे, तोंड कमी चालव, हात जास्त.

दोघींनी बाबाचे जुने शर्ट घातलते, लुगड्यावरून, ड्रेसवरून, पुऱ्या बाह्याचे. कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या हाताले ओरबाडते ना. डोक्शाले फडकं, कमरेले कापूस टाकाले ओटी. सुकलेल्या बोंडाची टोकं नखाच्या बुडात घुसते, मायची बोटं त अशी का त्याच्यावर आता रक्त बी येत नाही, नुसता पांढरा चिरा पडते. बाजूच्या तासात, पऱ्हाटीच्या पलीकडच्या ओळीत, जुबैदा चाची होती. तिचं वावर धुऱ्याच्या बांधापलीकडं हाय, आमचं झालं का तिचं, तिचं झालं का आमचं, अशी त्या दोघींची बोली हाय. ती मायले म्हणे, तेरे घर मेहमान, अन् तू इधर. मायनं सांगतलं का कापूस हाय. चाची म्हणे, कपास त माह्याही वावरात हाय, मी माह्या पोट्टीच्या वेळेस बुरख्यात बसली होती तरी समोर बसली होती.

अन् तेवढ्यात रस्त्यावर एक पांढरी गाडी थांबली.

पुढं ड्रायव्हर, बाजूले एक पोरगा, मागं एक माणूस. मागून एक बाई उतरली. जरीचं लुगडं, काळेभोर केस, डोळ्यावर चष्मा. धुऱ्यावर आली अन् हात कमरेवर ठेवून म्हणे, "आजी, बळीरामचं घर याच गावात का?"

मले समजलं. मायले बी समजलं. असंच करते ना लोक, घरी जायच्या आधी वावरातल्या बायाले इचारते. घरचे खोटं बोलते, येचणाऱ्या बाया नाही बोलत. तिनं बरोबर केलं. फक्त बाई चुकीची धरली.

"याच गावात," माय म्हणे. हात चालूच.

"तुमी त्यायच्याकडं येचता का?"

"येचते. लग्न करून आली तवापासून."

चाचीनं पऱ्हाटीत तोंड घातलं. मी खाली पाह्यलं. ती बाई म्हणे, पोट्टी कशी हाय? माय म्हणे, पोट्टी चांगली हाय, शिकलेली हाय, तोंडाची तिखट हाय थोडी. मंग ती बाई जवळ आली, आवाज कमी केला.

"अन् तिची माय?"

"मायचं कायले पाह्यजे? लग्न पोट्टीशी हाय ना?"

"अवो आजी, तुमाले सांगा लागते का? माय पाहून लेक करावी. लोक म्हैस घेते त तिची बी माय पाह्यते."

माय उभी झाली. ओटी भरली होती, पुढं पोट आल्यावानी दिसे. म्हणे, "म्हैस घ्याची होती त बाई, बाजार तुमी घाटंजीले मागंच टाकून आल्या."

मले वाटलं, झालं, आता भांडण. पण ती बाई हसली. म्हणे, जबान तेज हाय आजीची. तरी सांगा ना, कशी हाय दिसाले. मंग मायनं सांगतलं. मी सांगते तसंच सांगतलं, मैतर हो, एक अक्षर इकडं तिकडं नाही. चार लेकरं झाली, एक राह्यलं नाही. दात गेला, केस गेले, गालावर वांग हाय, पोट आत गेलं नाही.

"मंग म्हातारीच म्हणा ना."

"चाळीस नाही लागले तिले."

त्या बाईचं तोंड असं झालं का काय सांगू. म्हणे, "चाळीस? मंग त माह्याहून लहान हाय."

"तुमच्याहून बरीच लहान असन," माय म्हणे. "वापरातला विळा झिजते बाई. कोनाड्यात ठेवलेला नाही झिजत."

गाडीतून हॉर्न वाजला. ती बाई निघाली, चार पावलं गेली अन् परत आली. पिशवीतून एक केळं काढलं, मायच्या हातावर ठेवलं. म्हणे, खा आजी, नरम हाय, तुमाले चावा नाही लागणार.

गाडी गेली. धूळ खाली बसली. मायच्या हातात ते केळं. चाची पऱ्हाटीतून बाहीर आली, तिले हसाचं होतं, पण मायचं तोंड पाहून ती हसली नाही. मायनं केळं शर्टाच्या खिशात टाकलं अन् परत येचाले लागली. मी म्हटलं, माय. ती पुढं सरकली. तासाच्या टोकापर्यंत गेली, एक बोंड सोडलं नाही. टोकावर ओटी सोडली, कापूस ढिगावर टाकला, अन् म्हणे, "चल."

मी म्हटलं, तोंड धू, शर्ट काढ, डोक्शाचं फडकं काढ, त्या काळ्या डागावर कुंकू तरी लाव. म्हणे, "कायले? तिनं पाह्यलं ना मले असंच." चाचीनं मागून आवाज दिला, जाय तू, ढिगावर ताडपत्री मी टाकते.

माय चालत होती अन् मी मागून पळत होती. गुडघे दुखते म्हणून ती कधी एवढी फास्ट चालत नाही. रस्त्यात मले वाटलं, मैत्रेयीचं लग्न आता मोडलं. पोरगा चांगला होता, गाडीच्या काचेतून मी पाह्यला होता. मले रडू बी येत होतं अन् पाय बी उचलत होते.

घरात सतरंजी टाकली होती. संघदीप, त्याचा मामा, त्याची माय. समोर मोठी माय, जांभळ्या लुगड्यात, डोक्शावर पदर. तिच्या बाजूले मैत्रेयी खाली मान घालून. पोह्याच्या ताटल्या. ती बाई मोठ्या मायले म्हणून राह्यलती, इहीणबाई, तुमी मायलेकी त बहिणीच दिसता, वावरातली आजी उगाच काहीबाही सांगत होती, आता मले काळजी नाही. मोठे बाबा खूश. अन् दारात माय, शर्टावर, फडक्यावर कापसाचे धागे.

मोठे बाबा पटकन उठले. म्हणे, "आमच्याकडं येचाले येते ही. काय बाई, कापसाचं मंग पाहू, मागच्या दारानं जाय."

मी बाबाकडं पाह्यलं. बाबाचं तोंड उघडलं, अन् तसंच राह्यलं. माय दारातून हलली नाही. बाहीर बकरी पाला खाऊन राह्यलती, ते आत ऐकू ये.

मंग मोठी माय उठली. पदर डोक्शावरून खाली पडला, तिनं घेतला नाही. म्हणे, "मी मोठी माय हाय. मैत्रेयीची माय ही हाय. मले लेकरू नाही. मी कशी दिसते ते पाहून तुमी काही समजू नका." अन् आपल्या जागेवरून सरकून भिताडाले जाऊन टेकली.

माय सतरंजीवर आली, त्या जागेवर बसली, मैत्रेयीच्या बाजूले. शर्टाच्या खिशातून केळं काढलं अन् त्या बाईच्या ताटलीत ठेवलं. म्हणे, "हे तुमचं. मले दात हाय अजून. एकच गेला."

त्या बाईनं चष्मा काढला, पुसला, लावला. मामा इकडं तिकडं पाहाले लागला. ती म्हणे, "बाई, मंग तिथंच काहून नाही सांगतलं?"

"तुमी आजीले इचारलं. आजीनं सांगतलं. खोटं सांगतलं असन त म्हणा."

तिनं केळं बाजूले सरकवलं. बाई हट्टी होती. मायच्या तोंडाकडं पाहे अन् मैत्रेयीच्या तोंडाकडं पाहे. शेवटी म्हणालीच, "म्हंजे ही बी उद्या अशीच होईन."

अन् तेवढ्यात मैत्रेयीनं मान वर केली. म्हणे, "होईन." असं शांत म्हणाली का जसं कोणी चहाले हो म्हणते. मंग तिनं मायच्या डोक्शाचं फडकं सोडलं. भुरे केस, काळी टाळू, कपाळावरचा तो ओघळ. अन् सरळ संघदीपकडं पाहून बोलली, "पाहून घ्या तुमी. नीट पाह्या. लेकरं झाली त मी अशीच दिसीन. तवा मले फोटोतून कापाचं असन त आत्ताच जा."

त्यानं पाह्यलं. खरंच पाह्यलं, मायकडं. लाजला, पण नजर काढली नाही. त्याच्या मायनं पिशवी उचलली, म्हणे, जयभीम, कळवतो. ते कळवतो म्हंजे काय असते ते तुमाले माहीत हाय. चहा तसाच राह्यला. गाडी चालू झाल्याचा आवाज आला.

मोठे बाबा पेटले. काय काय बोलले, ते मी नाही सांगत. घराण्याचं नाव, पोट्टी घरात राहीन, वगैरे. बाबा दाराशी उभे होते. आधी मले वाटलं, आताही ऐकून घेतीन. पण ते म्हणे, "दादा, तुमी माह्या बायकोले मजूर म्हटलं." एवढंच. जास्त आवाज बी नाही. मोठे बाबा चपला घालून विहाराकडं निघून गेले.

मायनं फडकं परत बांधलं. म्हणे, आभाळ भरून आलं, ज्याले हात हाय त्यानं चला. अन् मैत्रेयी पाव्हण्याच्या लुगड्यावरच शर्ट घालून निघाली, अन् बाबा, अन् मागून, ऐका, मोठी माय. जांभळ्या लुगड्यावर माह्या भावाचा टी-शर्ट. मायनं तिले बोंड कसं धराचं ते दाखवलं, खालून धर, ओढू नको, फिरव. पहिल्याच तासात तिची बोटं फाटली. बोट तोंडात घालून ती म्हणे, "तुळसा, आता माहे बी हात तुह्यासारखे होतीन का?" माय म्हणे, "दहा वर्षं ये रोज, होतीन." अन् दोघी हसल्या. केळं? ते घरी बकरीनं खाल्लं, सालासकट.

आम्ही येचत होतो. वारा सुटला होता, थंड, पाण्याचा वास असलेला. निम्मं वावर बाकी होतं. नुसते हात चालून राह्यलते. अन् मायच्या खिशात घरचा मोबाइल वाजला, मोठ्या बाबानं पाव्हण्याचा नंबर त्यात टाकून ठेवलता. माह्या हातातला कापूस ओटीत टाकून मी तिच्या खिशात हात घातला, पाह्यलं. मैत्रेयीनं तिच्या तासातून मान वर केली.

मी म्हटलं, "माय, घाटंजीवाले."

मायचे दोन्ही हात बोंडात होते. तिनं वर नाही पाह्यलं. म्हणे, "वाजू दे. तास संपू दे."

"माय, त्यायचा फोन हाय."

"मंग? घाई असन त करतीन अजून. अन् उचलशील त मैत्रेयीले दे, मले नको. तिले पाहाले आलते."

फोन बंद झाला. आम्ही चौघी अन् बाबा, ओळीनं, येचत राह्यलो. मले वाटे, गेला, आता नाही येणार. मैत्रेयीनं पुढचं बोंड धरलं, खालून, फिरवून, ती बी थांबली नाही.

तासाचं टोक अजून दूर होतं, अन् फोन परत वाजाले लागला.